कीर्तीला, मनूबद्दल

काळाचौकी,
रविवार दुपार

प्रिय कीर्ते,

हे पत्र गावी निघालेल्या रामजीकाकांच्या हाती देते आहे. तुझ्याच हातात द्या, ओटीवर ठेवून जाऊ नका, असं त्यांना दोनदा बजावलंय. फोन करून पाहिला. एक तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तर बाळ रडतंय म्हणून ठेवून देतेस. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तो फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरतो. आणि खरं सांगू, हे मला बोलून जमणार नाही. मी एक तर रडेन नाहीतर तुझ्यावर ओरडेन, आणि मला दोन्ही करायचं नाही. बाळाला पाजून झालं की दार लोटून घे आणि सावकाश वाच. जगदीशने दिवाळीत फोनवर तुमच्या दोघांचा निरोप दिला तो मिळाला. त्याचं उत्तर देणारच आहे. पण आधी बाकीचं लिहिते, नाहीतर ते उत्तर तुला कळायचं नाही.

अण्णा बरे आहेत. कानाचं यंत्र लावत नाहीत, डबीत ठेवून देतात. मनू आली तेव्हापासून मात्र ती घरात असली की लावतात. मनूची उंची वाढलीय, जूनमध्ये घेतलेला शाळेचा फ्रॉक आताच आखूड झाला. शाळेत बाई म्हणतात, हुशार आहे, पण हात वर करत नाही. विचारलं तरच बोलते. घरात ती सकाळी माझ्या आधी उठते. पहिले काही दिवस उठून नुसतीच गॅलरीत उभी राहायची. मी विचारलं तर म्हणाली, मावशी, इथं झाडायला काहीच नाही. तुमच्याकडे ती उठल्याबरोबर शेळ्यांच्या खोपटातल्या लेंड्या झाडायची ना, हाताला ती सवय. मग तिने भाजीची सालं, कोबीचा पाला, मटारची टरफलं एका पिशवीत साठवायला सुरुवात केली. गावी जाताना शेळ्यांना नेऊया म्हणाली. उन्हाळ्याचे दिवस, दोन दिवसांत वास सुटला, मी पिशवी टाकून दिली. तिने शोधली, मला विचारलं नाही, आणि परत कधी साठवलं नाही.

तू फोनवर बोलतेस तेव्हा दर वेळी एकच विचारतेस, ती काही बोलली का. कशी आहे, जेवते का, हे नाही. काही बोलली का. मला वाटायचं, पोर मुकी झालीय म्हणून काळजीने विचारत असशील. मीही सांगायचे, नाही गं, अजून गप्पच असते. आणि तू म्हणायचीस, बरं.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आले होते ते दिवस मला फार आठवतात. झुरळ दिसलं की पलंगावर उभी राहणारी आमची काळाचौकीची कीर्ती, ती गाईची धार काढत होती. कोंबडी खुडूक झाली म्हणून तिच्याखाली अंडी मांडत होती. तू पदर खोचून शेळीचे खूर कापत होतीस आणि तुझा धाकटा हेरू शेळीच्या कानाशी तोंड नेऊन तिला काहीतरी समजावत होता. काय सांगतोस रे, विचारलं तर म्हणाला, दुखणार नाही म्हणून सांगतोय, पण तिला मालवणी कळत नाही. दोघांना मी एकाच टोपात आंघोळ घातली. मनू त्याच्या डोळ्यांवर हात धरायची, साबण जाऊ नये म्हणून. जेवायला बसली की आधी तो जेवला का बघायची. तुझ्या सासूबाई हसून म्हणायच्या, ह्येका दोन आये असत. तुझ्याकडे बघून मी मनात म्हटलं, ही पोरगी सुखी आहे. मला थोडा हेवाही वाटला. चाळिशी उलटलेली बाई, ऑफिस आणि अण्णांचं पथ्य याच्यापलीकडे माझं होतं काय.

भुंग्याला मी पाहिलं नाही. तो मागच्या दिवाळीनंतर आला. मनूने मला फोनवर सांगितलं होतं, तिठ्यावर कुत्र्याचं पिल्लू सापडलंय, काळं आहे, गुंजारव केल्यासारखा आवाज करतं म्हणून भुंग्या. जानेवारीच्या शेवटी तो खाईना, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि एके दिवशी गवताच्या उडवीमागे मरून पडला. जगदीशला वाटलं, पान लागलं, साप चावला असेल. त्याने खड्डा करून पुरला. पोरं दोन दिवस रडली. त्याच सुमारास तुझी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, पोरं त्यांच्यामागे लागली. सगळं विसरायला झालं. वाडीत कुत्री मरतात, मांजरं मरतात, कोण लक्षात ठेवतं.

मार्चमधलं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, निदान गाडी अंगणातून निघेपर्यंतचं. हेरू हाताला मुंग्या येतात म्हणाला, मग ताप, मग पाणी पिईना. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरने पाहताक्षणी विचारलं, कुत्रं चावलं होतं का. मग अँब्युलन्सने मुंबईला. तुला सातवा चालू होता, तुला गाडीत घेतलं नाही. मनूलाही पिल्लाने ओरबाडलं होतं, म्हणून तिला तपासायला बरोबर आणलं. पुढचं तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. जगदीश सांगणार नाही, त्याच्याने व्हायचं नाही. तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आता सांगते. नको वाटलं तर पुढचा परिच्छेद सोडून त्यानंतरचं वाच.

मी ऑफिसमधून थेट हॉस्पिटलात गेले. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, खिडक्या बंद, पंखा बंद. वाऱ्याची झुळूक लागली तरी त्याचा घसा आवळायचा. पाणी स्वतःच मागायचा. पेला समोर आणला की डोळे पांढरे करून मागे सरकायचा, आणि मग माझ्याकडे असा बघायचा की पेल्यात मीच काहीतरी घातलंय. मधे मधे अगदी शहाण्यासारखा बोलायचा. शेळीची पिल्लं दूध पितात का विचारलं. आई कुठे आहे विचारलं. मी म्हटलं, आई पोटातल्या बाळाला सांभाळतेय. मग त्यांनी झोपेचं औषध दिलं. शेवटी तो झोपेतच होता, कीर्ते. संध्याकाळची वेळ होती. माझा हात त्याच्या पायावर होता, जगदीश डोक्याशी. तो तडफडत गेला असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. आधी तडफडला, पण जाताना नाही. गावी न्यायला डॉक्टर नको म्हणाले. जगदीशने आणि अण्णांनी इथंच सगळं केलं. तुला तो शेवटचा दिसला नाही, हे मला आजही टोचतं.

त्या दिवशी दुपारी, तो असताना, एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, स्वभावाने चांगल्या. त्यांनी जगदीशला विचारलं, चावा कधीचा, घरात कुणालाच माहीत नव्हता का. जगदीश म्हणाला, नाही हो, मोठ्या कुणालाच नाही. तेव्हा बाकावर बसलेली मनू उठून उभी राहिली आणि शाळेत धडा म्हणावा तशी म्हणाली, मला माहीत होतं, मी कुणाला सांगितलं नाही. कीर्ते, जगदीशने भिंतीकडे तोंड फिरवलं. मीसुद्धा तिला जवळ घेतलं नाही. एक क्षण माझ्याही मनात आलं, कार्टे, बोलली असतीस तर. आठ वर्षांच्या पोरीबद्दल मला तसं वाटलं. मग तुझ्या सासूबाईंचा फोन आला. स्पीकरवर होता, मनू शेजारीच. म्हणाल्या, ह्या चेडवान तेव्हाच सांगल्यान असता तर माझो नातू हातात ऱ्हवलो असतो. मनूने ते ऐकलं आणि पायातल्या चपलेचा पट्टा नीट लावला.

इंजेक्शनांचा कोर्स होईपर्यंत ती माझ्याकडे राहिली. मग तू बाळंत झालीस, मग पावसाळा आला म्हणून. मी तिला इथल्या शाळेत घातलं. गणपतीत यंदा घरात गणपती नाही, कशाला आणतेस, म्हणालीस. तेही बरोबरच होतं, वर्ष झालेलं नाही. आमच्या चाळीतले सगळे गावी गेले, खोल्यांना कुलपं. मनू मला म्हणाली, मावशी, आपण का नाही जात. मी म्हटलं, यंदा सुतक आहे. तिने विचारलं, माझ्यामुळे ना? मी म्हटलं, नाही गं, असं नसतं. पण मी ते भाजी निवडता निवडता म्हटलं. तिच्याकडे बघून म्हणायला हवं होतं.

आता पंधरवड्यापूर्वीचं. आमच्या शेजारी संघमित्रा राहते, तुला आठवत असेल, कोपऱ्यातली खोली, नवरा बेस्टमध्ये. तिचा अर्णव पाच वर्षांचा. मनू त्याच्याशी खेळत नाही, पण तो गॅलरीत असला की ही दारात बसून असते. त्या दिवशी अर्णवने चाळीतल्या मांजरीची शेपटी ओढली, ती उलटली आणि तिने त्याच्या मनगटावर ओरखडा काढला. फार नाही, रक्ताचे चार ठिपके. मी घरातच होते. मला मनूचे पाय ऐकू आले, धावतानाचे. तिने त्याला दंडाला धरून ओढत त्याच्या घरी नेलं. संघमित्रा पुऱ्या तळत होती, पाहुणे यायचे होते. मनू म्हणाली, काकी, ह्याला चावलंय, रक्त आलंय, बघा. संघमित्राने मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, अगं, एवढंसं तर आहे, डब्यातली हळद लाव, काही होत नाही.

त्यानंतरचा आवाज मी जन्मात विसरणार नाही. हळद नको, हळद नको, काकी, बघा ना, नीट बघा ना. अख्खी गॅलरी बाहेर आली. मी पोचले तेव्हा मनूने अर्णवचा हात मोरीतल्या नळाखाली धरला होता आणि कपड्याच्या साबणाने चोळत होती. तो किंचाळत होता, ही सोडत नव्हती. तिचा फ्रॉक ओला झाला होता, पाण्याने नव्हे. संघमित्रा घाबरून रागावली, पण शहाणी बाई, गॅस बंद करून त्याच पावली पोराला घेऊन दवाखान्यात गेली. पोरगा व्यवस्थित आहे, सुया टोचून घेतो आणि मनूवर रुसतो. मी मनूला घरी आणलं, कपडे बदलले. मी विचारलं, हळदीचं काय गं, मनू? ती माझ्याकडे बघेना. मी तेच परत विचारायला लागले तर अण्णा खाटेवरून म्हणाले, बोलांदे तेका, तू गप ऱ्हव. आणि त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. मग ती बोलली. माझ्याशी नाही, अण्णांशी.

म्हणाली, मी आईला सांगितलं होतं. भुंग्याने हेरूचा हात फोडला तेव्हा मी त्याला लगेच खोपटात नेलं होतं. शेळी अडली होती. आईचा हात मनगटापर्यंत आत होता, आईला घाम आला होता. मी म्हटलं, आई, भुंग्या चावला, बघ, रक्त. आई म्हणाली, हळद लाव जा, आणि त्याला इथून ने, शेळी बुजेल. मी हळद लावली. चिंधी पण बांधली. हेरूला सांगितलं, आता बरं होईल.

अण्णांनी विचारलं, मग त्या दिवशी गाडी निघताना अंगणात तसं का बोलली नाहीस? ती म्हणाली, गाडी आली तेव्हा सगळे होते. आजी, बाबा, डॉक्टर. कुत्रं चावलं का विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. आईने मला विचारलं, तुला माहीत होतं, तर मला का नाही सांगितलंस? मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आईला आठवेल. मग मी म्हटलं, विसरले. आईच्या पोटात बाळ होतं ना, तिला सगळे बोलले असते तर तिला त्रास झाला असता. मला बोलले तर चालतं. मग अगदी हळू म्हणाली, पण आबा, आईला आठवतच नाही. मग कदाचित मी सांगितलंच नसेल. कदाचित मला नुसतं वाटतंय.

अण्णांनी यंत्र काढून ठेवलं आणि तोंडावर पंचा घेतला. मी त्यांना आई गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता.

कीर्ते, मी पंधरा दिवस हे मनात घोळवतेय. आधी तुझा इतका राग आला की तुझा फोटो दिसला तरी तोंड फिरवत होते. मग तू दिसायला लागलीस. आज तू तिथं, बाळ मांडीवर, आणि मागे खोपट. त्या वेळी तुझ्या पोटात पाच महिन्यांचं ओझं होतं, शेळी मरायला टेकली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. पोराला रोज काहीतरी लागतं, रोज हळद लावतो. आपल्या आईने आपल्याला दुसरं काय केलं? मीही तेच म्हटलं असतं. त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की वेळेवर धुतलं असतं, सुया दिल्या असत्या तर तो वाचला असता. तुला बरं वाटावं म्हणून मी ते खोटं आहे असं म्हणणार नाही. पण कोकणातल्या कुठल्याही घरात त्या क्षणी आई तेच बोलली असती, हेही तेवढंच खरं आहे. यासाठी मी तुला दोष देत नाही. देवाशप्पथ देत नाही.

अंगणात तू जे विचारलंस ते भीतीने. तोंडातून निघून गेलं असेल. कदाचित त्या क्षणी तुला खरंच आठवलं नसेल. पण नंतर आठवलं, हे मला कळलंय. नाहीतर दर फोनला तू मला ती काही बोलली का हे विचारलं नसतंस, आणि मी नाही म्हटल्यावर बरं म्हणाली नसतीस. तू पोरीला गणपतीत नको म्हणालीस, दिवाळीत नको म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, तिला बघून हिला हेरू आठवत असेल. तसं नव्हतं ना? तिच्यासमोर उभं राहायचं तुझ्याने होत नाही. ते मी समजू शकते. पण तिला ते कळत नाही. तिला एवढंच कळतं की भावाला मारलं म्हणून आईने घरातून काढलं.

आता जगदीशच्या निरोपाचं. मनूला कायमची माझ्याकडेच ठेवावी, मुंबईत शिक्षण चांगलं होईल, कागदोपत्री दत्तक घ्यायची असली तरी तुमची हरकत नाही, असं तो म्हणाला. तुझंही हेच म्हणणं आहे असंही म्हणाला. कीर्ते, हा निरोप आला त्या दिवशी मी इतकी सुखावले की रात्रभर छताकडे बघत पडले होते. बाजारात तिच्यासाठी एक छोटं लोखंडी कपाटही बघून आले. मला मूल हवं होतं, ते तुला माहीत आहे. आणि ही पोर मला मुलीसारखी नाही, मुलगीच वाटते. तरीही माझं उत्तर नाही असंच आहे. तू केलेलं माझ्या घरात लपवून ठेवायला मी तिला घेणार नाही. येत्या शनिवारी मी तिला घेऊन येते आहे, अण्णाही हट्टाने येताहेत. सकाळी उतरू, दुपारच्या आत तुमच्या अंगणात असू. मी तुझ्या सासूबाईंना काही सांगणार नाही, जगदीशलाही नाही. ते माझं काम नाही. मनूही बोलणार नाही, ती मरेपर्यंत बोलणार नाही. बोलायचं तुला आहे. तिला जवळ घ्यायला, माफी मागायला आत्ता जमलं नाही तर राहू दे, ते नंतर. फक्त त्याच अंगणात, जे त्या दिवशी होते त्या घरच्या सगळ्यांसमोर, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हण की मनूने मला सांगितलं होतं. तुला सगळे बोलतील. जगदीश बोलणार नाही, आणि त्याचं न बोलणं तुला जास्त लागेल. मी तुझ्या शेजारी उभी असेन, हवं तर महिनाभर तिथं राहीन, रजा टाकलीय. पण ते वाक्य तू बोल. त्यानंतर ती तुझ्याकडे राहणार की माझ्याबरोबर परत येणार, ते तू ठरवू नकोस आणि मीही नाही. ते आपण तिला विचारू.

तुझीच, आणि अजूनही तुझीच,
बकुळाताई